लाईट गेल्यावर

रात्रीचे साडेदहा, भिंती अजून तापलेल्या.
कूलर घुमतो पांढरी पाचच्या किंचित वर.
चाळीस वर्षं माझा दिलरुबा
त्याच्याशीच मिळवत आलो.
घरात दुसरा तानपुरा नव्हता.

तारघरातल्या वासनिक मास्तरांनी
टेबलावर बोटं वाजवून मोर्स शिकवलं:
ती म्हणजे टिंब, धा म्हणजे रेघ.
लिहू नको बे पोट्ट्या, ऐक.
अजून लिहीत नाही.

दिवसा बँकेचा कोबोल. तिथे
एक टिंब राहिलं की
हजार खात्यांचं व्याज अडकायचं.
रात्री चुकलं, तर पलीकडचा नुसता म्हणायचा,
पुन्हा.

मग लाईट जाते.
अख्खं त्रिमूर्तीनगर अंगणात, पुठ्ठ्यांचे पंखे, शिव्या.
मी गुपचूप बॅटरी जोडतो.
आता कूलर नाही, ट्यूबचा चोक नाही,
बोरकुट्यांच्या टीव्हीची खरखर नाही.
चाळीस मीटरवर विहिरीत वाकून बघावं तशी शांतता,
आणि तळाशी कुणीतरी
कुणी आहे का, कुणी आहे का.
तिसऱ्या अक्षरावर हात अडखळतो त्याचा.
नवखा असावा.

आहे, मी म्हणतो. नागपूर. सत्तेचाळीस डिग्री.
तो एका बेटाचं नाव पाठवतो, अर्धं हरवतं.

रंजना दारातून:
कधी येणार लाईट, विचारा न तुमच्या माणसाला.

तेवढ्यात गल्ली ओरडते, आलीऽऽ!
कूलर सूर धरतो,
आणि त्या सुराखाली कुठेतरी
तो पोट्टा माझं नाव विचारत राहतो.