बुंध्यावरचा सात

झाडाची साल उतरवली
की उघड्या बुंध्यावर साल लिहायचं.
नुसता शेवटचा आकडा, पांढऱ्या रंगात.
मग नऊ वर्षं त्या ओकाला कुणी हात लावायचा नाही.
आलेंतेजुमध्ये हे शाळेत जायच्या आधीच कळतं.

ओढ्याकाठच्या ओकावर आजोबांनी पहिला आकडा काढला तो तीन.
तेव्हा ते चौदा वर्षांचे, पाणक्या पोर,
रंगाचा डबा धरायला बोलावलेले.
मग दोन. एक. शून्य.
मग नऊ, आठ.
माणूस पुढे चाललेला
आणि आकडा एकेक पायरी मागे उतरणारा.
"देव उलटी मोजणी करतोय," म्हणायचे,
"पण घाई नाही त्याला."

बूच कारखानदारांच्या हिशेबात ते झेफेरिनु कुऱ्हाडवाले,
चर्चच्या वहीत झेफेरिनु किल्लीवाले.
घरात कुऱ्हाड आणि किल्ली
एकाच खिळ्याला.
मजुरांनी जमिनी ताब्यात घेतल्या त्या वर्षी
सभेत हात वर करून आले
आणि संध्याकाळी त्याच हातानं घंटेचा दोर ओढला.
कॉम्रेड हसले. पाद्री हसले नाहीत.
आजोबांनी नाताळात दोघांकडेही
सारखीच मोजून अंडी पाठवली.

दोन्ही मुलगे लक्झेंबर्गला, विटांच्या कामावर.
त्यांनी पाठवलेले पैसे आजोबांनी कधी मोडले नाहीत;
लाकडी पेटीत, पाकिटावर तारीख घालून.
एकच पाकीट फोडलं, आजीच्या चष्म्यासाठी,
आणि तोवर आजीला दिसत होतं ते सगळं
पण ओळखू काही येत नव्हतं.
देओलिंदा त्यांना भावाच्या नावानं हाका मारायची,
अंगोलाच्या लढाईत मेलेल्या भावाच्या.
चार वर्षं आजोबांनी त्या नावाला ओ दिली.
तिचे केस विंचरताना
त्या मेलेल्या पोराचे विनोददेखील शिकून घेतले, कुणाकडून कोण जाणे.

आणि मी.
मुलींच्या हाती कुऱ्हाड देत नाहीत तिथे.
मी एकोणीस वर्षांची, हट्टी; दिली.
"सालीपर्यंत. आत नाही. आत ती जिवंत आहे."
तिसऱ्याच घावाला पातं आत गेलं.
ओला, वेगळाच आवाज आला.
सगळी टोळी थांबली.
आजोबांनी टोपी काढली,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा
तसा तळवा त्या भेगेवर ठेवून उभे राहिले बराच वेळ.
मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.
मग रंगाचा डबा मागितला आणि सात काढला,
पोटात आडवी रेघ असलेला, त्यांचा सात.

त्या रविवारी प्रार्थनेत
आजाऱ्यांची नावं घेताना उठले:
"मारीया दा लुझचा गुडघा.
तिबुर्सियुची किडनी.
ओढ्याकाठचा ओक."
मागच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसलं.
पाद्री आबीलियु क्षणभर वहीत बघत राहिले,
मग म्हणाले, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक,"
आणि सगळ्या चर्चनं ते म्हटलं.

आजोबा गेले त्याला आता पाच वर्षं झाली, जानेवारीत.
खिळा तसाच आहे. किल्ली दुसऱ्या घरी गेली.

आज टोळीबरोबर आले, जून, पहाटे सहा.
बूच सुटत येतं ते फाटत येत नाही,
सैल कपड्यासारखं येतं.
पण जुन्या भेगेपाशी अडलं.
तिथे झाडानं जाड, ओबडधोबड ओठ धरलेत,
मिटलेले पूर्ण नाहीत.
मी हळूच बाजूनं फिरवलं पातं.
फळी हातात आली, सातासकट.
नऊ वर्षांत साल फुगली तसा सातही ताणून रुंद झालेला,
मधली रेघ तुटून तीन ठिकाणी.

एवढी मोठी फळी, आणि वजन म्हणाल तर काही नाही.

"ही मला हवी," म्हणाले.
मुकादम फ्लोरिंदुनं फळी उलटी करून बघितली,
"घे. पण किलोचा भाव तुझ्या मजुरीतून कापीन."
कापू दे.
ब्रश डब्यात बुडवला.
माझा सहा ओघळला खाली,
गवतापर्यंत.