कोरा फिल्टर

मधुसूदन खैरनारनं दक्षिण ध्रुवाकडून आणलेली डबी
गंगापूर रोडच्या प्रयोगशाळेत उघडली, तेव्हा
पंखा आधीच बंद केला होता मी.

त्या पट्ट्यात, म्हणाला, बर्फच नाही.
उघडे दगड. वारा त्यांनाच दळतो,
पीठ नेऊन टाकतो दूरच्या बर्फावर,
आणि पडेल तिथं बर्फ
काळवंडून लवकर पाझरतो.

बेचाळीस फिल्टर तोलले.
चिमूटही नाही,
नुसती राखाडी शंका.

त्रेचाळिसावा कोरा, वाऱ्याला न दाखवलेला.
त्याच्यावर मात्र एक कण. काळा, धारदार.

"हा आपला," तो पुटपुटला.
"बुटाच्या शिलाईतून गेला असणार.
पांडवलेण्याच्या पायऱ्यांचा."

नोंदवहीत मी लिहिलं: दूषित.
डबी बंद करताना
त्यानं श्वास रोखून धरला.