राखाडी भाग

इतवारीत, भांड्यांच्या दुकानाच्या माथ्यावर
दोन खोल्यांचं आमचं चॅनल.
खाली दिवसभर पितळ ठोकतात,
म्हणून बातम्या सात वाजता,
हातोड्या निजल्यावर.

बातम्या मी वाचते, हवामान मी सांगते,
आणि खालून सरकणारी पट्टीही मीच टाइप करते:
हरवली आहे काळी बकरी, डावं शिंग मोडकं, पाटणसावंगी.
कळमन्यात संत्र्याची आवक वाढली.
चि. स्वरांग निखाडे यास प्रथम वाढदिवसाच्या.
तेरवी, रविवारी, सौंसर.

सौंसर लिहिलं की कॉम्प्युटर
खाली लाल रेघ ओढतो.
त्याला हे गाव ठाऊक नाही.

वायर मात्र जाते तिथवर.
अन्वरभाईंनी नेली, खांबाखांबावर शिडी लावून,
सावनेर, केळवद, आणि मग पलीकडे.
सातनूरच्या नाक्यावर ट्रक थांबतात,
कागद दाखवतात, भजी खातात.
वायर थांबत नाही.
तिच्यावर एक कोतवाल बसतो,
काळाकुट्ट, दुभंगल्या शेपटीचा,
आणि नाक्यावर त्याला
कुणी साहेब म्हणत नाही.

फेब्रुवारीत गारा पडल्या.
मी सांगितलं, काटोल, सावनेर, केळवद.
आमच्या नकाशात केळवदच्या वर राखाडी रंग आहे.
तिथं हवामान नसतं.

फोन आला.
"बाई, तुमची गारपीट केळवदपाशीच काहून थांबते?
माझे कवेलू फुटले.
बादलीभर गारा आहेत घरात, पाठवू का?"

शेवंताबाई डिगरसे, रिटायर नर्स.
मी म्हटलं, आमच्याकडे राज्यापुरताच नकाशा आहे.
"आमी कुठीच नाई गेलो, बाई," त्या म्हणाल्या,
"छप्पन साली नागपूरच सरकलं."
त्यात राग नव्हता.
बाकावर शेजारचा जरा सरकून बसला
असं सांगावं, तसं सांगितलं.

मालकांना विचारलं.
नकाशाला पैसे पडतात, म्हणाले.
तिकडून जाहिरात किती येते?
एका फोटो स्टुडिओची, चाळीस दिवस,
तीही उधारीवर.

खरं तर नकाशा मला दिसतच नाही.
माझ्यामागे नुसता हिरवा पडदा,
इस्त्री न केलेला.
गावं मी अंगावर मोजते:
सावनेर खांद्याशी, केळवद कानाशी.
दुसऱ्या दिवशी कानाच्या वर
एक वीत हात नेला
आणि म्हटलं, "इथंही."
नाव घेतलं नाही. कागदावर नव्हतं.

प्रणय परतेती कॅमेऱ्यावर होता.
त्याच्या मामाचं गाव तिकडंच.
काही न बोलता
त्यानं कॅमेरा जरासा वर उचलला.
माझी हनुवटी कापली गेली असावी,
पण तळवा पूर्ण आला,
राखाडीत, बोटं पसरून.

त्या रात्री मी फोनजवळच बसले.
खालून सावजीचा मसाला वर येत होता,
डोळे चुरचुरत होते.
फोन आला नाही.

तीन दिवसांनी आला.
गारांनी तारा तोडल्या होत्या,
तिकडं लाइटच नव्हती.
माझा हात त्यांनी पाहिलाच नाही,
आणि मीही काढलं नाही.
त्यांची तक्रार वेगळी होती:
बहिणीच्या तेरवीची पट्टी गेली ना,
त्यात आडनाव चुकलं.
"डिगरसे. तुमी दिगरसे केलं.
जिवंतपणी चाललं असतं, बाई."

मी पुन्हा टाइप केलं.
डिगरसे.
सौंसर.
दोन्ही शब्दांखाली लाल रेघ आली.
पुसायला बोट नेलं, मग आठवलं,
ती फक्त इथं, माझ्या टेबलावर दिसते.
पट्टी सोडली.
टीव्हीवर ती रेघ उमटत नाही.