डावा गुडघा, स्त्री, ७१

शेफील्ड. मंगळवारी साडेअकराला
ऑपरेशन थिएटरमधून डबा येतो.
बर्फात हाडाची चकती, वर कूर्चा:
एका कडेला अजून ओल्या खोबऱ्यासारखी,
दुसरीकडे ती नाहीच,
घासून हस्तिदंती झालेलं हाड.

नाव नसतं. वय, बाजू, सही.
सगळं शहर चढउताराचं; मी मनातल्या मनात
तिला पोस्टात चिकटवून देते,
तीस वर्षं पत्रं आणि कुत्री.

मग सुरी. चार मिलिमीटरचे तुकडे.
इथे रक्त पोचत नाही, वेदनाही नाही,
एकेक पेशी आपल्या खळग्यात एकटी.
कुठूनतरी दाहाची कुणकुण लागते
आणि ती, डागडुजीला निघालेली,
कात्रीसारखं विकर सोडते
स्वतःच विणलेल्या कोलॅजनवर.
पाणी धरून ठेवणारे रेणू आधीच वाहून गेलेले.
झीज म्हणतात लोक, पायरीची होते तशी.
पायरी स्वतःला उसवत नाही.

तीन आठवड्यांनी, औषध घातलेल्या ताटलीत
सॅफ्रानिन चढतं गडद लाल.
न घातलेलीत फिकट,
बीट धुतलेल्या पाण्यासारखं.
ग्लेनिस म्हणते, छान. मग दोघीही गप्प:
असलंच एक औषध माणसांना दिलं तेव्हा
त्यांचे खांदे आखडले होते.

ती आता घरी असेल,
धातूचा गुडघा वाकवत,
फिजिओला शिव्या घालत.
मी जिन्याने उतरते.
दुसऱ्या वळणावर माझा उजवा
कट् म्हणतो.

उद्या ताटल्यांतलं द्रावण बदलायचंय.