खिडकी किती वाजता बंद करायची

माझं कामच खिडकीचं.
सकाळी सातला उघडतो, नाणी मोजून घेतो,
लाकडी डबा माणसं भरून टेकडी चढतो,
तेवढ्याच वेळात दुसरा खाली येतो.
दोघे एकाच दोराला बांधलेले.
बावीस वर्षं झाली.
वाल्पाराइसोत ज्यांचे गुडघे गेले
ते सगळे मला नावानं हाक मारतात.

यास्नाचा फोन आला, सान्तियागोहून.
म्हणाली, बाबा, सोळा तास पोटाला सुट्टी,
आठ तासांची खिडकी, दहा ते सहा.
माझं नऊ किलो उतरलं.
खिडकी म्हटल्यावर मला हसू फुटलं.
विचारलं, तिकीट कितीचं?

तरी केलं. चार दिवस.
दुसऱ्या दिवशी पोटात कावळे ओरडले म्हणावं,
तर इथे बंदरावर कावळे कुठले,
मासे हुकलेले समुद्रपक्षी कोकलत होते.
तिसऱ्या दिवशी हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.
जिना चढताना स्वतःचाच हेवा वाटला.
चौथ्या दिवशी, नऊच्या सुमारास,
एका बाईनं पाचशेचं नाणं सरकवलं
आणि मी मोड म्हणून
अख्खा गल्लाच तिच्यापुढे लोटला.
हात माझे नव्हते. सदरा भिजलेला.
तिनं पर्समधून लेकराचा बिस्किटाचा पुडा काढला,
नातवाला भरवावं तसं मला भरवलं.
मागे रांग गप्प उभी.

दवाखान्यात नर्स हुएंचुलेओ.
रोज माझ्याच डब्यातून वर जाते, पण तिथे ओळख दाखवत नाही.
गोळी कोणती? सकाळी किती वाजता?
घेतल्यावर किती वेळानं खाता?
खात नाही, म्हटलं, दहापर्यंत.
पेन खाली ठेवलं तिनं.
म्हणाली, गोळी साखर खाली ओढते, पाव वर नेतो.
एक डबा सोडलात आणि दुसरा अडवून धरलात
तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगू?

मग फॉर्मवरचा पुढचा प्रश्न:
पूर्वी कधी उपाशी राहिला आहात?
मी म्हटलं, स्वतः ठरवून, की न विचारता?
ब्याऐंशी साली आमच्या गल्लीत एकच हंडा शिजायचा,
चाळीस घरांचा.
आई डाव माझ्या ताटलीत उलटा करून म्हणायची,
मला आज भूकच नाही.
तिचंही वजन उतरलं होतं.
कुणी किलो मोजले नाहीत.
फॉर्मवर त्याला जागा नव्हती,
तिनं समासात काहीतरी लिहिलं.

आणि एक गोष्ट मी नर्सला सांगितली नाही.
संध्याकाळी सात वाजता वरच्या मजल्यावरची ओतिलिया
चहा घेऊन माझ्या टेबलाशी येते.
पाव, पाल्ता, कधी चीज, आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याची तक्रार.
चौऱ्याऐंशीची आहे. एकटी असली की जेवत नाही.
त्या चार संध्याकाळी मी रिकामा कप धरून बसलो,
आणि तिनंही पाव बाजूला सारला.
तुला नको, तर मला कशाला?
चाळीस किलोची बाई.
उपास नेमका कुणाचा चालला होता?

यास्नाला रात्री फोन केला.
तुला मानवलं, पोरी, तुझं चालू दे.
मला नाही मानवलं.
डॉक्टर गोळीचं काय ते पुढच्या महिन्यात बघतील,
तोवर मी माझ्या मनानं काही बंद करणार नाही,
ना गोळी, ना खिडकी.
ती म्हणाली, निदान रात्री साडेआठनंतर सकाळपर्यंत?
ते तर आधीपासूनच करतो, म्हटलं,
त्याला आम्ही झोप म्हणायचो.
हसली. मग थोडी रुसली.

आज मार्राकेता गरम मिळाला.
चिरेवर दाबून दोन तुकडे केले, एक जरा मोठा झाला.
ओतिलिया जिना उतरते आहे,
एक पायरी, थांबा, एक पायरी.
पाणी उकळून पुन्हा निवायला लागलंय.