खटका

इद्वालचा फोन आला तेव्हा
मी व्हिनेगरमध्ये कांदे घालत होते.
"डिकी उघडत नाही," म्हणाला.
कशी आहेस नाही, काही नाही.
अकरा महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य : डिकी उघडत नाही.
मग जरा थांबून,
"नेस्टा, तुझा हात बारीक आहे."

आहेच. बावीस वर्षं त्या हातानं
त्याच्या हिरव्या कूपेच्या पोटातून
पडलेले नट, वॉशर,
एकदा तर त्याची अंगठीसुद्धा काढून दिली.

वाट सगळी पाटीच्या दगडाची.
खाणी मिटल्या, ढीग उरले,
कुणी एक अक्षरही न गिरवता फुटलेल्या
लाखो पाट्या.
मेंढ्या रस्त्यात बसलेल्या. हॉर्नला त्या मोजत नाहीत.

गाडी बहात्तर सालची. माझ्याहून अठरा वर्षांनी लहान
आणि माझ्याहून जास्त जपलेली.
एका सपाट्यात मागे उतरत जाणारं छत,
शेवटी काचेचा दरवाजा,
त्याला बाहेरून ना मूठ, ना किल्लीचं भोक.
कारखान्यातल्या कुणा शहाण्याला वाटलं असेल,
देखण्या वस्तूला बाहेरून उघडता येऊ नये.
कळ आत, ड्रायव्हरच्या खांद्यामागे.
त्यानं ती ओढून दाखवली. सैल,
पडायला आलेल्या दातासारखी.

"आत काय आहे?"
"गळ. जॅक. आणि..." तो बाहीनं काच पुसू लागला,
"सप्टेंबरातले आलुबुखार."
वासावरून कळलंच होतं.
एव्हाना त्यांची दारू झाली असावी.

मागची सीट पाडून मी पालथी आत शिरले.
गुडघा म्हणाला, बासष्टाव्या वर्षी काय गं हे.
तोंडात टॉर्च. अस्तराचे सहा स्क्रू,
त्यातला एक झिजून गोल झालेला,
त्याला मी वेल्शमध्ये जे म्हणाले ते इथे लिहीत नाही.
केबल तुटली नव्हती.
तिची बाहेरची नळी क्लिपमधून निसटली होती, एवढंच.
कळ ओढली की नळीच सरकायची,
आतली तार जागच्या जागी.
इतकी वर्षं आम्ही एकमेकांना ओढत होतो
तेव्हा नेमकं काय सरकत होतं,
असं मनात आलं.
टॉर्च तोंडात होता म्हणून बोलले नाही.

हात घातला. पत्र्याच्या कडेनं मनगट सोललं.
बोटाला खटक्याची जीभ लागली,
भोवती ग्रीस वाळून लाख झालेलं.
रेटली. ढिम्म.
बाहेर इद्वाल दरवाजा वर ओढत होता,
लालबुंद, पाय रोवून.
टॉर्च थुंकून ओरडले, "ओढू नकोस! दाब!"
"उघडायचंय ना?"
"खाली दाब म्हणते!"
आमचे खटके उडायचे ते असेच.
नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही,
हे त्याच्या आईनं त्याला शिकवलं नाही,
आणि मी शिकवायला गेले तेव्हा उशीर झाला होता.

शेवटी तो काचेवर छातीनं ओणवा झाला.
गाल चपटा, डोळे मिटलेले,
कानामागे साबणाचा सुकलेला फेस.
इतक्या जवळून त्याला मी
किती दिवसांनी बघत होते,
आणि मध्ये काच.
खटक्यावरचा भार हलका झाला.
खट्.

मग गांधीलमाश्या आल्या, नोव्हेंबर असूनही तीन.
आलुबुखार त्यानं मागे ओढ्यात ओतले.
नळी मी क्लिपमध्ये बसवली, तारेनं आवळली,
नवं ग्रीस चोपडलं. चारदा उघडझाप. चारदा खट्.

जायला निघाले तर म्हणाला, "थांब."
मासेमारीची दोरी घेऊन आला.
एक टोक खटक्याच्या जिभेला,
दुसरं नंबरप्लेटच्या दिव्याच्या भोकातून बाहेर,
पुन्हा अडकली तर बाहेरून ओढायला.
"म्हणजे तुला त्रास नको."

त्याची बोटं जाडी. आतपर्यंत पोचेनात.
गाठ मीच मारली.

घरी आले. कांद्यांची बरणी
उघडीच राहिली होती.