ओर्तोनाची बाटली

नऊ वर्षं ती तांदळाच्या पिंपात आडवी पडून होती,
उकड्या तांदळाच्या अंधारात.
शेवंती मापटं खुपसायची तेव्हा काच टण्णकन वाजायची
आणि ती म्हणायची,
"तुमचो इटालीवालो जागो झालो."

चेझिदियो. बोसन. गाव ओर्तोना.
गॅलीत येऊन उलट्या बादलीवर बसायचा,
माझ्या आमटीला नावं ठेवायचा
आणि दोनदा मागून घ्यायचा.
बोट अलंगला भंगारात निघाली तेव्हा
लोकरी मोज्यात गुंडाळून त्यानं ही दिली.
आमच्याकडची तांबडी, म्हणाला. मोन्तेपुल्चानो.
मामाच्या मळ्यातली द्राक्षं,
पाठीशी बर्फाचे डोंगर, पायथ्याला समुद्र.
मग एक बोट वर करून, पाद्र्यासारखा:
हिच्याबरोबर मेंढीचं मटण,
केरसुणीच्या हिराएवढ्या काड्यांवर निखाऱ्यात भाजलेलं.
नाहीतर मेंढीच्याच दुधाचं जुनं चीज,
दगडासारखं, सुरीनं फोडायचं.
आणि मासा?
त्यानं कपाळावर हात मारला.
मासा नाही. शपथ घे.

घेतली.
निवतीला घर, दारात होडी, छपरावर सुकत घातलेले बांगडे,
आणि मी शपथ घेतली.

आज मापट्यात गुलाबी दाणे आले.
बूच पाझरलं होतं.
थांबायला वेळ नव्हता, आणि
परुळ्याचा खाटिक बुधवारी बसतो. आज शुक्रवार.

पास्कू सुतार लाकडाचा स्क्रू आणि पक्कड घेऊन आला.
मिसाला पाद्री घेतो तसलीच काय ही, म्हणाला,
आणि अर्धं बूच बाहेर, अर्धं आत.
चहाच्या गाळणीतून गाळली.
स्टीलच्या पेल्यात ती काळीच दिसत होती,
कडेला फक्त जांभळानं रंगलेल्या जिभेसारखी.
"आधी राखणदाराक," शेवंती म्हणाली. "मगे तुम्ही."
माडाच्या मुळाशी चमचाभर ओतली.
तो काही बोलला नाही.

मग पाप केलं. तिरफळं घातलेला बांगडा होता ताटात,
एक घास, एक घोट:
तोंडात गंजका खिळा.
पास्कूनंही तोंड वाकडं केलं, त्याचा तर धर्म होता.
सोलकढीबरोबर पाहिली,
दोन आंबट बायका एकाच चुलीशी.
चेझिदियो, तू बरोबर होतास, मेल्या.

तोवर आत शेवंतीनं मोरी शिजवलेली.
सकाळी रापणीत आलेली, हातभर लांब,
कढत पाणी ओतून तिची कानशीसारखी साल खरवडलेली;
खोबरं पार काळं होईस्तोवर भाजलेलं,
कांदा चुलीत घालून, साल जळेपर्यंत.
त्या रश्श्याला समुद्राचा वास उरलाच नव्हता,
धूर होता, बडीशेप होती,
आणि पेल्यातही तसलंच काहीतरी,
पावसात भिजलेलं लाकूड, करवंदं, थोडी माती.
आम्ही तिघं बोलायचे थांबलो.
दुसरा पेला कुणी भरला आठवत नाही.
कालचं काळ्या वाटाण्याचं सांबारही संपलं,
टोपाला वडा पुसून.

रात्री त्याला फोनवर लिहिलं:
बाटली फोडली. मटणाबरोबर.
"खोटां कित्याक लिवतास?"
खोटं कुठे. आमच्या गाबतांत
मोरीचं मटणच म्हणतात, आजाही तेच म्हणायचा,
पणजाही.
माझा इटालियन गॅलीपुरता आणि शिव्यांपुरता,
त्यात हे बसत नाही.
त्यानं उलट अंगठा पाठवला. फक्त अंगठा.
कुठल्या बोटीवर आहे, आहे का, काही नाही.

गुलाबी दाणे शेवंतीनं तीनदा धुतले,
रंग गेला नाही.
टाकायचे कसे, म्हणून सकाळी त्यांची पेज केली.
खारातली कैरी तिच्याबरोबर बरी लागली,
फार बरी.
हे कळवायचं राहिलंय.